नोव्हेंबरनंतरची नदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : हवामान बदल आणि सह्याद्रीतील नद्यांचे उन्हाळी पाणी

महोदय,

हिमालयातील हिमनद्यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला मजकूर मी लक्षपूर्वक वाचला. तापमान वाढले की बर्फ वितळणार, आधी काही वर्षे नद्यांना पाणी वाढणार आणि पुढे ते कायमचे घटत जाणार, हे त्यात सोप्या भाषेत मांडले होते आणि ते योग्यच आहे. मात्र हवामान बदल आणि डोंगरातल्या नद्या असा विषय निघाला की आपले लक्ष थेट गंगोत्रीपर्यंत जाते आणि ज्या डोंगराच्या पाण्यावर आपण स्वतः जगतो तो सह्याद्री वाटेतच राहून जातो, याची मला फार दिवसांपासून खंत आहे. कृष्णा आणि कोयनेच्या वरच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्याच्या नोकरीत माझी उभी हयात गेली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे नदीकाठच्या एका सरितामापन केंद्रावर पट्टी वाचण्याचे काम मी केले. त्या कामाने मला जे शिकवले आणि जे शिकवायचे राहून गेले, ते दोन्ही आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पट्टी वाचणे म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. नदीच्या काठावर पायरीपायरीने खांब रोवलेले असतात आणि त्यांवर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सकाळी आठ वाजता पाणी कोणत्या खुणेला टेकले आहे ते वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे. पूर असेल तेव्हा हेच काम दर तासाला, रात्रीसुद्धा, डोक्यावर घोंगडी आणि हातात बॅटरी घेऊन करायचे. आमचे केंद्र हंगामी होते. १ जूनला वही उघडायची आणि ३१ ऑक्टोबरला बंद करायची. केंद्र उभारले होते ते पुराच्या सूचनेसाठी आणि धरणात येवा, म्हणजे आत येणारे पाणी, किती येईल याच्या हिशेबासाठी, त्यामुळे नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत नदी काय करते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी सर्वांत खालच्या पट्टीच्याही खाली सरकले की रकान्यात 'निरंक' असे लिहायचे, ही पद्धत होती. प्रत्यक्षात नदी निरंक नसायची. पट्टीपासून दहा पावलांवर, खडकाच्या चिरेतून, मनगटाएवढी धार वाहत असायची. त्या धारेवर जनावरे पाणी पीत, बायका धुणे धूत आणि खालच्या वाडीतली वांगी-मिरचीची दोन-चार वाफ्यांची भाजी निघे. ती धार कोणत्या वर्षी डिसेंबरातच तुटली आणि कोणत्या वर्षी एप्रिलपर्यंत टिकली, याची एकही नोंद मी लिहिली नाही आणि माझ्या आधीच्यांनीही लिहिलेली नव्हती. आज मला कोणी विचारले की हवामान बदलाने सह्याद्रीतल्या नद्यांचे काय होते आहे, तर पुराबद्दल मी आकड्यानिशी बोलू शकतो. पण जो बदल गरिबाच्या दारात सर्वांत आधी पोहोचणार होता, तो नेमका वही बंद असण्याच्या काळात घडत गेला आहे.

हिमालयातल्या नद्या आणि आपल्या नद्या यांच्यातला मूळ फरक साठवणीचा आहे. हिमालयात हिवाळ्यात पडलेला बर्फ डोंगरावर थांबतो आणि उन्हाळ्यात, जेव्हा पाऊस नसतो नेमके तेव्हा, वितळून नदीत येतो. सिंधूच्या खोऱ्याचा या वितळपाण्यावर फार मोठा भार आहे. गंगेच्या खोऱ्यात पावसाचा वाटा मोठा असला तरी डोंगरातल्या वरच्या भागात उन्हाळ्यातले पाणी बऱ्याच अंशी बर्फाचेच. काठमांडू येथील 'इसिमोड' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा बर्फ २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला. त्याच संस्थेने २०१९ साली असे सांगितले होते की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखता आली तरीही शतकाच्या अखेरीपर्यंत तिथला सुमारे एक तृतीयांश बर्फ जाणार आहे. हे संकट मोठे आहे, आणि ते दिसते. हिमनदी मागे सरकली की तिचे छायाचित्र काढता येते, जुन्या छायाचित्राशेजारी ते ठेवता येते.

सह्याद्रीत बर्फ नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांना जे काही पाणी मिळते ते डोंगराने पोटात धरून ठेवलेले. माथ्यावर जांभ्याचा सच्छिद्र थर आहे. त्याच्याखाली कुजलेला, भेगाळलेला कातळ आहे आणि मग घट्ट काळा पाषाण. जांभ्यातून आणि भेगांतून मुरलेले पाणी घट्ट थरापाशी अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आमच्याकडे त्याला उपळा म्हणतात. श्रावणात जिथे तिथे उपळे फुटतात, ते बहुतेक दिवाळीपर्यंत मिटतात आणि मोजके जिवंत उपळे पुढे उन्हाळाभर चालतात. नोव्हेंबरनंतरची नदी म्हणजे या मोजक्या जिवंत उपळ्यांची बेरीज होय. आपल्याकडचा काळा पाषाण वाळूच्या किंवा गाळाच्या थरांसारखा पाणी पिणारा नाही, त्याच्या पोटात जागा थोडी असते. त्यामुळे आपल्या डोंगराची घागर मुळातच लहान आहे, शिवाय ती सतत गळती आहे. अशी घागर पावसाळ्यात किती वेळा भरून सांडली याला फार अर्थ नसतो. ती शेवटची कधी भरली, यावर पुढचा उन्हाळा ठरतो. हा मुद्दा मला नोकरीत फार उशिरा उमगला, आणि तो या पत्राचा गाभा असल्यामुळे त्यावर जरा थांबतो.

जुनी माणसे पावसाला नक्षत्रावरून ओळखत. मृगाची सुरुवात, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मग आश्लेषा, मघा, आणि शेवटी उत्तरा-हस्ताचा परतीचा पाऊस. यातल्या म्हाताऱ्या पावसाला मोठा मान असे, कारण तो झडीचा असे. आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, चुलीवर ओली लाकडे धुमसत राहायची, पण पाऊस कधी अंगावर कोसळायचा नाही; रिपरिप, संततधार, आणि सगळा भिज पाऊस. असा पाऊस जमिनीला प्यायला सवड देतो. जमिनीत पाणी मुरण्याचा एक वेग असतो. पाऊस त्या वेगाच्या आत राहिला तर मुरतो आणि त्या वेगापलीकडे गेला की वरचे सगळे पाणी ओढ्याने खाली धावते. उतार जितका तीव्र आणि मातीचा थर जितका पातळ, तितके ते लवकर धावते.

हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांत बाष्प अधिक असते. ते सह्याद्रीवर धडकून वर चढले की कमी वेळात अधिक पाणी सोडून देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात त्या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला. ही दोन वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. पुढे एकूण मोसमी पाऊस वाढेल असे जागतिक पातळीवरचे बहुतेक अंदाज सांगतात, पण त्याबरोबरच तो एका वर्षीहून दुसऱ्या वर्षी अधिक लहरी होईल आणि जोरदार सरींत अधिक पडेल असेही सांगतात. पावसाची बेरीज तीच राहिली, अगदी वाढली, तरी त्याची पडण्याची रीत बदलली की नदी बदलते.

हा बदल किती मोठा असतो ते कागदावर मांडून पाहता येते. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्या क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला असे धरले तर धरणात सुमारे ३.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी येते. आता ३०० मिलिमीटर पाऊस दहा दिवसांत मिळून पडला असे समजा. सगळा वाहून आला असे गृहीत धरले तरी येव्याची सरासरी ११ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ११ हजार घनफुटांच्या, आसपास राहते, आणि प्रत्यक्षात त्यातला बराच भाग मुरतो. तोच ३०० मिलिमीटर एका दिवसात पडला तर येवा १ लाख ९ हजार क्युसेकच्या घरात जातो आणि मुरायला अवधीच मिळत नाही. वर्षअखेरीच्या तक्त्यात दोन्ही पावसांची नोंद ३०० मिलिमीटर अशीच होणार. आपल्या वृत्तपत्रात पावसाळ्यात रोज 'कोयना, नवजा, महाबळेश्वर' असे तीन आकडे छापले जातात आणि त्यांची १ जूनपासूनची बेरीज दिली जाते. ती बेरीज वाचून यंदा पाणी भरपूर आहे असा निष्कर्ष आम्ही सगळे काढत आलो आहोत, खात्यातले लोकसुद्धा.

हे नुसते कागदावरचे गणित राहिलेले नाही. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माण-खटावसारख्या आमच्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांत वर्षभरात साधारण एवढाच पाऊस पडतो. त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे माणसे गाडली गेली. डोंगराची घागर आधीच भरलेली असताना वरून एवढे पाणी ओतले की ते नदीत जाण्यापूर्वी डोंगराची कातडीच सोलून नेते. पश्चिमेकडच्या नद्यांची लांबी अगदी थोडी असते आणि घाटमाथ्यावरून समुद्रसपाटीला यायला त्यांना काही तासच लागतात, त्यामुळे तिकडे सूचना द्यायलाही वेळ उरत नाही. सावित्रीवरचा महाडचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कसा गेला, ते कोकणातले वाचक विसरलेले नसतील.

आणि दोन वर्षांनी, २०२३ साली, याच डोंगरावर उलटी अवस्था आली. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला. जुलैत दमदार पाऊस झाला होता, पण घागर शेवटची भरली ती तेव्हाच; पुढे मघा कोरड्या गेल्या आणि १०५.२५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण त्या वर्षी पूर्ण भरू शकले नाही. त्या हिवाळ्यात सांगलीकडे पाणी सोडण्यावरून सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांत जो वाद झाला, तो वाचकांना आठवत असेल. २०१९ साली जी कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली होती, तिच्यातल्या पाण्यासाठी चार वर्षांत लोक एकमेकांशी भांडत होते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वर, आंब्याच्या झाडाखाली, एक उपळा आहे. दगडात कोरलेली पन्हळ आहे आणि तिच्या तोंडाशी घागरी टेकून टेकून दगडाला वाटीएवढा खळगा पडला आहे. माझी आई सांगायची की लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ऐन वैशाखातही घागर भरेपर्यंत दोन ओव्यासुद्धा पुऱ्या होत नसत. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात तिथे रांग लागत नव्हती, हे मला स्वतःला आठवते. गेल्या काही वर्षांत होळीच्या सुमारास पन्हळीतून धार पडत नाही. पाणी दगडाला धरून ओघळते. बायका पन्हळीच्या टोकाला आंब्याचे पान लावतात, म्हणजे ओघळ पानावरून घागरीत उतरतो, आणि घागर भरेपर्यंत खाली बसून भाजी निवडतात. माझी भावजय आता साठीला आली आहे. ती पहाटे चारला जाऊन नंबर लावते. त्या वाडीत पाऊस कमी झालेला नाही. उलट, जुलैत अंगणातली मातीसुद्धा वाहून जाईल असा पाऊस पडतो, आणि त्याच पावसाचे पाणी मार्चमध्ये पानावरून ओघळते.

या एका उपळ्यावरून हवामान बदल सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही; तसे म्हटले तर नोंदीच्या कामावर काढलेल्या आयुष्याशी ती प्रतारणा होईल. त्या वाडीच्या वरच्या अंगाला रान तुटले आहे. पठारावर रस्ते झाले, घरे झाली, कूपनलिका खोदल्या गेल्या. एखाद्या कूपनलिकेने झऱ्याची वाटच कापली असेल. पठारावरची जांभ्याची उघडी सपाटी म्हणजे आपल्याला पडीक जमीन वाटते, पण ते डोंगराचे तोंड आहे आणि त्यावर सिमेंट घातले की पाणी प्यायचे कुठून, हा प्रश्न पावसाच्या रीतीइतकाच महत्त्वाचा आहे. उलट बाजूने, नदीच्या निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या, आत बांधकामे उभी करायची आणि पूर आला की सगळा दोष हवामान बदलाच्या माथी मारायचा, हेही मला मान्य नाही. म्हणूनच मोजणी हवी. रान तोडल्याने किती घटले, कूपनलिकांनी किती घटले आणि पावसाची रीत बदलल्याने किती घटले, हे वेगळे काढायचे तर झऱ्यांची आणि उन्हाळी धारेची वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि ती आपल्याकडे नाही.

धरणे आहेत ना, मग उन्हाळ्याची चिंता कशाला, असे शहरातले अनेक सुशिक्षित लोक मला विचारतात. धरणाच्या खाली राहणाऱ्याला ते खरे वाटू शकते, पण धरणाच्या वर, पाणलोटात राहणाऱ्या वाड्यांना धरणाचे पाणी चढून येत नाही. ज्या डोंगरातून एवढी वीज आणि एवढे पाणी निघते, त्याच डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. आणि धरणाच्या खालीही सगळे निश्चिंत नाही. धरणात कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचे वेळापत्रक जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले असते. जुलैअखेर धरण बरेचसे भरू द्यावे, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २०१९ सारखा पाऊस आला की दरवाजे उघडावे लागतात आणि सांगली-कोल्हापूर बुडते. पुराच्या भीतीने मोकळे ठेवावे, तर २०२३ सारखा ऑगस्ट कोरडा जातो आणि धरण भरत नाही. ही अडचण कोणा एका अभियंत्याच्या चुकीची नाही. माझ्या अनेक सहकाऱ्यांनी धरणावर त्या रात्री जागून काढल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आहेत. ज्या पावसावर वेळापत्रक बेतले तो पाऊस आता तसा राहिलेला नाही, हे मान्य करून दर काही वर्षांनी वेळापत्रक नव्याने मांडले पाहिजे आणि पाणलोटातल्या पावसाच्या अंदाजाला त्यात स्थान दिले पाहिजे. दर पावसाळ्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवर जितका वेळ आपण वादात घालवतो, त्यातला थोडा वेळ महाबळेश्वर ते हेळवाक या पट्ट्यातल्या पावसाच्या रीतीकडे दिला तर त्याचा उपयोग होईल. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रणा आली आहे, तिचा पूरकाळात फायदा होतो, ही समाधानाची गोष्ट आहे. माझे म्हणणे आहे की तिचे डोळे नोव्हेंबरनंतरही उघडे असावेत, आणि मोठ्या नदीबरोबर वरच्या लहान ओढ्यांकडेही असावेत.

या पाण्यावर किती लोक अवलंबून आहेत याची कल्पना घाटावरच्या वाचकांना असतेच, पण तरीही सांगतो. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी उचलून सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत नेतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेले ते मिरजेतून गेले. महाबळेश्वरच्या जांभ्यात काय मुरते याच्याशी आटपाडीच्या डाळिंबाच्या बागेचा संबंध असतो, आणि कधी लातूरच्या घागरीचाही.

हिमालयातल्या लोकांकडून आपण शिकावे असे काही असेल तर ते हिमनद्यांविषयी नसून झऱ्यांविषयी आहे. तिथेही डोंगरावरच्या गावांना हिमनदीचे पाणी मिळत नाही, ते दरीच्या तळाशी वाहते; गावे जगतात ती झऱ्यांवर. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयीन प्रदेशातले जवळजवळ निम्मे झरे आटले किंवा आटत चालले असल्याचे म्हटले आहे. सिक्कीम राज्याने २००८ पासून 'धारा विकास' नावाचे काम हाती घेतले. त्यात आधी झऱ्याला पाणी डोंगराच्या कोणत्या भागातून येते हे भूगर्भाची पाहणी करून ठरवले जाते आणि मग नेमक्या त्याच भागात चर आणि तळी खोदली जातात. या शास्त्राची मांडणी करून अशा कामांना मार्गदर्शन करण्यात पुण्याच्या 'अ‍ॅक्वाडॅम' या संस्थेचा मोठा वाटा आहे, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच उंचीने आडवे खोदलेले चर, आपल्यालाही नवे नाहीत, रोजगार हमीवर ते हजारोंनी खोदले गेले. फरक एवढाच आहे की आपण ओढ्याचा पाणलोट पाहून चर खोदतो, आणि झऱ्याचे पाणी पुष्कळदा कातळाच्या कलाप्रमाणे डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून येत असते. आमच्या वाडीतही एका योजनेतून चर खोदले गेले. खोदणाऱ्यांनी मेहनतीने खोदले, पण पाणी कुठून येते हे कोणी विचारले नाही. पुढच्या पावसाळ्यात चर भरले आणि उपळा होता तसाच राहिला.

शासनाकडे माझी मागणी मर्यादित आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या तालुक्यांत, निदान महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा, शाहूवाडी आणि राधानगरी येथे, गावागावांतल्या जिवंत झऱ्यांची गणती व्हावी आणि दर महिन्याला त्यांची मोजणी व्हावी. त्याला यंत्र लागत नाही. ठरावीक मापाची घागर आणि हातातले घड्याळ पुरते. घागर भरायला किती मिनिटे लागली एवढे लिहायचे. गावातली आठवी-नववीतली मुलगी ते काम अचूक करील, आणि तिला त्याचे मानधन द्यावे. हंगामी सरितामापन केंद्रे बारमाही करावीत आणि सर्वांत खालच्या पट्टीच्या खालची धार मोजण्याची सोय करावी, म्हणजे 'निरंक' हा शेरा लिहायची वेळ येणार नाही. जांभ्याच्या पठारांवर बांधकामाला परवानगी देताना खालच्या झऱ्यांचा विचार सक्तीचा करावा. या कामांना एखाद्या लहान बंधाऱ्याइतकाही खर्च येणार नाही, हे मी अंदाजपत्रके करण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण धरणसाठ्याचे टक्के पहिल्या पानावर छापता आणि आम्ही वाचक ते उत्सुकतेने वाचतो. त्याच आकड्यांसोबत त्या महिन्यात पावसाचे दिवस किती होते आणि एकूण पावसापैकी किती पाऊस सर्वांत मोठ्या तीन दिवसांत पडला, हेही द्यावे. ही माहिती रोजच्या नोंदींतूनच निघते. आणि जानेवारीपासून मेपर्यंत, महिन्यातून एकदा, वरच्या खोऱ्यातल्या चार-दोन ओढ्यांची आणि झऱ्यांची स्थिती आपल्या तालुका प्रतिनिधींकडून मागवून छापावी. आमच्या वाडीतल्या उपळ्याची मोजणी मी गेल्या माघी पौर्णिमेपासून सुरू केली आहे. भावजय पहाटे घागर लावते, मी घड्याळ पाहतो आणि लिहून ठेवतो. वही शाळेची, शंभर पानी आहे. आपले प्रतिनिधी या भागात आले तर ती त्यांना दाखवीन, आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गावी असा जिवंत झरा असेल त्यांनीही या वर्षापासून नोंद धरावी, अशी त्यांना या पत्राद्वारे विनंती करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता,
कराड, जि. सातारा